तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं जाड कॉमिक्स कशाला?

बेळगावच्या शहापुरात माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, काउंटरच्या मागच्या फळीवर माझी जाडजूड कॉमिक्स असतात आणि झेरॉक्स निघेपर्यंत गिऱ्हाइकाची नजर तिकडं जातेच. "काय वो मामा, हे कॉमिक्स की डिक्शनरी?" हा पहिला प्रश्न. दुसरा ठरलेला, "सुटे अंक मिळत्यात की, एवढं जाड कशाला घेतलासा?" परवा एका कॉलेजच्या पोरानं तिसऱ्यांदा विचारलं, म्हटलं आता लिहूनच टाकतो.

सुरुवात माझ्या भावापासून करतो. आमच्या घरी मराठी इंद्रजाल कॉमिक्स यायची, वेताळ (इंग्रजीतला फँटम), मँड्रेक, बहादूर, सगळे हिरो. 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडलं आणि भावानं जपलेले वीसेक अंक एका बाइंडरकडं दिले, आता हे कायमचं ग्रंथालय म्हणून. बाइंडरनं काय करावं, तर सगळी मुखपृष्ठं टराटरा फाडून काढली, गठ्ठ्याला कडेनं भोकं पाडून दोरा ओवला, पुठ्ठा चिकटवला आणि उरलेल्या तीन बाजू कटिंग मशीनवर घातल्या. सेंटर पिनचा अंक कसा सपाट उघडतो, हा उघडेचना. उजव्या पानावरचं डावीकडचं जे काय होतं ते सगळं दोन पानांमधल्या खाचेत. एका पानावर वेताळ चोरांना "थांबा!" म्हणतोय, त्यातलं 'थां' शिलाईनं गिळलं, राहिलं फक्त "बा!". आमच्या घरात अजून कुणी घाईत निघालं की मागनं कुणीतरी "बा!" म्हणून ओरडतंय.

तर जाड कॉमिक्स घेताना मी आधी गोष्ट बघत नाही, मधोमध उघडून खाच बघतो. दिवसभर बाइंडिंगच करतोय, सवय आहे. नुसत्या गमनं चिकटवलेलं असेल तर दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र मध्ये गडप होतं, फर्म्याफर्म्यानं, म्हणजे दुमडलेल्या पानांचे छोटे गठ्ठे करून शिवलेलं असेल तर पुस्तक बऱ्यापैकी सपाट पडतं. हजार पानांचा ओम्निबस, म्हणजे ढीगभर अंक एकत्र केलेला ठोकळा असेल तर हे बघायलाच पाहिजे, आणि तो झोपून वाचायचा नाही, छातीवर पडला तर लागतं खरंच.

आता प्रकार किती, हे पण विचारतात. अमेरिकेतला सुटा अंक म्हणजे साधारण वीस-बावीस पानांची गोष्ट, बाकी जाहिराती, आणि मधोमध पिना. असे पाच-सहा अंक एकत्र करून मऊ कव्हरात आले की ट्रेड पेपरबॅक, पुठ्ठ्यात आले की हार्डकव्हर, आणि सगळंच कोंबलं की ओम्निबस. जाहिराती, वाचकांची पत्रं बहुतेक वेळा गळतात, मुखपृष्ठं मात्र राहतात (आमच्या बाइंडरपेक्षा बरं). ग्राफिक नॉव्हेल हा शब्द आता सगळ्यालाच चिकटवतात, खरं तर मुळातच पुस्तक म्हणून केलेली गोष्ट ती. 'वॉचमेन'ला सगळे ग्राफिक नॉव्हेल म्हणतात पण ते 1986-87 मध्ये सुटे 12 अंक म्हणूनच आलं होतं. जपानचं वेगळंच, तिथं आधी फोनबुकाएवढ्या जाड स्वस्त साप्ताहिकात नाहीतर मासिकात हप्ते येतात, अंक वाचून रद्दीत, आणि आवडलेल्या मालिकेची दोनेकशे पानांची छोटी पुस्तकं लोक घरी ठेवतात.

सगळ्यांना एकत्र बांधलं म्हणून फरक पडतोच असं नाही. अमर चित्र कथेची 32 पानी गोष्ट त्याच अंकात संपते, पाच एकत्र केल्या काय, दहा केल्या काय, फक्त फळीवर जागा वाचते. लहानपणी मी मराठीतली घ्यायचो, शेजारचा दोस्त कन्नडमधली, आणि अदलाबदल करून चित्रांवरनं कन्नड जुळवत बसायचो, ते सुट्या अंकांमुळंच जमलं. जाड पुस्तक कोण कुणाला देतंय? पण त्यांचंच महाभारत 42 भागांत आलं होतं, ते मला तीन खंडांतलंच आवडतं. सुटं असताना मधला एखादा भाग मिळायचा नाही आणि अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की पुढं थेट कर्णाचं चाक रुतलेलं. तिथं थांबण्यात काही मजा नाही, गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे. टिनटिन या बेल्जियमच्या कॉमिक्सचं उलटं. ते मुळात पेपरच्या पुरवणीत हप्त्याहप्त्यानं यायचं, म्हणून पान संपता संपता काहीतरी घोळ होणारच, दार उघडणार नाहीतर कुणीतरी पडणार. एका बैठकीत वाचलं की तेच तेच धक्के लागोपाठ बसतात, मी तरी दमतो.

मला सगळ्यात उशिरा कळलं ते इंद्रजालबद्दल. वेताळ मुळात 1936 पासून अमेरिकेतल्या पेपरात रोज एक पट्टी असा यायचा, तीन-चार चौकटी, आणि त्यातली पहिली चौकट बऱ्याचदा कालचंच परत सांगायची. म्हणजे आम्ही ज्याला सुटा, ओरिजिनल अंक म्हणून जपत होतो तोच आधी कापून, जुळवून, पानात बसवलेला संग्रह होता. त्या जुन्या पट्ट्यांचं एक इंग्रजी जाड पुस्तक मी घेतलं (किंमत घरी सांगितलेली नाही) आणि आमच्या बांधीव गठ्ठ्याशेजारी काउंटरवर उघडून ठेवलं. ओळखीची गोष्ट सापडली तर चौकटी रुंद, कडेला आख्खं झाड, वेताळाच्या लांडग्याची शेपूट पूर्ण. आमच्या अंकात शेपूट अर्धीच होती आणि ती बाइंडरनं कापली असं आम्ही तीस वर्षं धरून चाललो होतो!

भावाला पुण्याला दोन्हींचे फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन, "इंग्रजी तुझ्याकडंच ठेव, 'बा!'वालं मला दे." दिलेलं नाही.