आठशे बारा पावले

अमृतमहोत्सव समितीचे पत्र आले, त्यात "शाळेने आपणांस काय दिले, हे दोन पानांत लिहून पाठवावे" अशी विनंती होती. मी टिपणे काढायला बसलो. कौलारू हॉल, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, मागची चिंच, शनिवारची सकाळची शाळा असे बरेच काही सुचले. पण प्रत्येक टिपणाच्या शेवटी नाईक सरच येऊन उभे राहू लागले, तेव्हा टिपणे बाजूला ठेवली आणि फक्त त्यांच्याबद्दल लिहायचे ठरवले. इतर गुरुजनांविषयी माझ्या मनात कमी आदर आहे, असे कृपया कोणी समजू नये.

नव्या पिढीसाठी एक खुलासा आवश्यक आहे. 'नाईक' हे सरांचे आडनाव नव्हते, तो त्यांचा पलटणीतला हुद्दा होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्गशिक्षक म्हणून त्यांची सही पाहिली, तेव्हा कुठे मला त्यांचे खरे आडनाव कळले. सर 1940 साली, एकोणिसाव्या वर्षी, बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती झाले. आपल्या सातारा जिल्ह्याला याचे नवल नाही; पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावाचे 46 जवान कामी आले, त्या जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. सर पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीच्या टाचेशी, टारांटो बंदरात ते उतरले आणि तिथून उत्तरेकडे युद्ध संपेपर्यंत पावणेदोन वर्षे चालत गेले. त्यांच्याकडे काम होते टेलिफोनच्या तारा टाकण्याचे: पाठीवर रीळ घ्यायचे, मागच्या ठाण्यापासून पुढच्या चौकीपर्यंत तार सोडत जायचे, आणि तोफेच्या गोळ्याने ती तुटली की रात्री-अपरात्री हाताने चाचपत तुटलेली जागा शोधायची. परत आले, पलटण सुटली, घरची साडेचार एकर जिराईत आणि विहिरीखालचे अर्धा एकर बागाईत कसू लागले. आणि पुढे शाळा निघाल्यावर कवायत व शेती या दोन विषयांसाठी त्यांना बोलावणे आले. साडेदहाला शाळेत येणारे सर पहाटे चार वाजल्यापासून मोटेवर असत, हे आम्हांला त्यांच्या धोतराच्या ओल्या काठावरून कळत असे.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. तो 1972 च्या दुष्काळाचा उन्हाळा होता. येरळेचे पात्र पांढरेफटक पडले होते, निम्मे गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते, आणि शाळेत आम्हांला सुकडी मिळत असे. शेतीच्या तासाला पीक दाखवायला शेतात काहीच नव्हते, म्हणून सरांनी आम्हांला जमीन मोजायला शिकवायचे ठरवले. साखळी किंवा टेप शाळेकडे नव्हता. त्यांनी शंभर फुटांचा एक दोर आखून जमिनीवर ताणला आणि प्रत्येकाला त्याच्या कडेने नेहमीच्या चालीने चालायला लावले. माझी पन्नास पावले भरली, म्हणजे माझे पाऊल दोन फुटांचे. सरांची चाळीस भरली. कवायतीचे तीस इंची पाऊल त्यांच्या पायात इतके मुरले होते की नांगरामागेही ते तसेच पडत असेल, असे आम्हांला वाटे. मग प्रत्येकाला एकेक वाट नेमून दिली. माझ्या वाट्याला आली शाळेच्या फाटकापासून नदीकाठच्या विहिरीपर्यंतची.

दुपारचे दोन वाजले होते आणि पायांत वहाण नव्हती. मी ओढ्यापर्यंत गेलो, तिथे बाभळीखाली बसलो, आणि अंदाजाने वहीत 'नऊशे पावले, अठराशे फूट' असे लिहून परतलो. सरांनी वही पाहिली. ते रागावले नाहीत, छडी मागवली नाही. "चल," एवढेच म्हणाले आणि टोपी सारखी करून फाटकाबाहेर पडले. त्या उन्हात आम्ही दोघे विहिरीपर्यंत गेलो. वाटेत एक शब्द नाही. ते त्यांची पावले मोजत होते आणि मी माझी. विहिरीच्या कठड्यापाशी त्यांनी विचारले, "किती?" मी म्हणालो, "एक हजार एकोणीस." "माझी आठशे बारा. आता फूट कर." मी वहीवर गुणाकार केले. त्यांचे दोन हजार तीस फूट आले, माझे दोन हजार अडतीस. "आठ फूट त्या ओढ्यातल्या दगडांचे, ते सोडून दे," सर म्हणाले. "पण मघाशी तू अठराशे लिहिलेस. मी तेवढीच तार घेऊन निघालो असतो तर दोनशे तीस फूट अलीकडे संपली असती. पुढच्या चौकीतली माणसे मुकी." मग त्यांनी पोहऱ्याने तळाचे गढूळ पाणी शेंदले, धोतराच्या सोग्यातून गाळले आणि आधी मला पाजले.

एवढाच तो प्रसंग. पुढे मी पाटबंधारे खात्यात लागलो, छत्तीस वर्षे नोकरी करून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. कृष्णेचे पाणी उचलून खटाव-माणला आणणाऱ्या जिहे-कठापूर योजनेच्या कामाला माझाही थोडा हात लागला, याचे मला समाधान आहे, आणि स्मरणिकेत थोडी आत्मप्रौढी चालते असे गृहीत धरून ते येथे नोंदवतो. या नोकरीत जागेवर न जाता तयार केलेली मोजमापे माझ्यासमोर अनेकदा आली. तशा कागदावर सही करायची वेळ आली की माझे तळपाय भाजू लागत.

सर युद्धाबद्दल फारसे बोलत नसत, याचे कारण नम्रता असे सगळे मानत. मला तसे वाटत नाही. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर याच जंगी पलटणीच्या नामदेव जाधव यांनी जो पराक्रम केला, तो सर्वांना ठाऊक आहे: दोन जखमी सहकाऱ्यांना त्यांनी एकापाठोपाठ एक असे खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून मागे आणले, मशीनगनचे तीन मोर्चे एकट्याने मोडून काढले, आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांच्या जयघोषात कंपन्यांना पुढे बोलावले. निमज गावच्या या शिपायाला त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शाळेच्या एका स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी सरांना मंचावर ओढून तो प्रसंग 'डोळ्यांनी पाहिलेला' म्हणून सांगण्याचा आग्रह धरला. सर ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी त्या वेळी मागे रिळापाशी होतो. ओरडा ऐकला. पाहिले नाही." आणि खाली उतरले. पाहुण्यांचा विरस झाला, आम्हांला हसू आले. विहिरीची वाट आठवून माझे हसू थोडे लवकर थांबले.

जे त्यांनी पाहिले होते ते मात्र ते भरभरून सांगत. सेनिओच्या दोन्ही तीरांवर माणसाने घातलेले मातीचे प्रचंड बांध होते आणि जर्मनांनी ते आतून पोखरले होते, हे सांगताना त्यांचा जीव जर्मनांपेक्षा बांधासाठी अधिक तुटे. इतका बांध घालायला किती पिढ्या लागल्या असतील, असे ते म्हणत. तिथले पांढरे बैल आपल्या खिलारापेक्षा अंगाने मोठे पण चालीला मंद, झाडांच्या आधाराने चढवलेल्या द्राक्षवेली, बायकांनी ओढलेले नांगर, हे सारे त्यांच्या बोलण्यात असे. इटली स्टार हे त्यांचे पदक शाळूच्या बियाण्याच्या डब्यात राखेत पुरलेले असायचे. दरवर्षी पेरणीला डबा उघडला की ते बाहेर निघे आणि पेरणी झाली की पुन्हा आत जाई.

सेवानिवृत्तीनंतर सरांनी आणखी चाळीस वर्षे शेती केली. मोट गेली, इंजिन आले, मग विजेची मोटर आली, घेवड्याच्या शेजारी आल्याचे पीक लागले, सर तेच. महायुद्धातल्या निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांना शासन मासिक अनुदान देते, त्यासाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला लागतो. नव्वदी उलटल्यावरही ते स्वतः जाऊन सही करत. "जिवंत आहे हे तरी दुसऱ्याने कशाला लिहून द्यावे?" असे ते म्हणत.

शाळेत मागच्या वर्षी गेलो होतो. शेतीचा प्लॉट होता तिथे आता गाड्या लावतात, चिंच नाही, आणि फाटकापासून विहिरीकडे जाणारी वाट मंगल कार्यालयाच्या भिंतीला जाऊन थांबते. संगणक कक्ष उत्तम आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तिथल्या एका मुलाला मी सहज विचारले की तुझे घर इथून किती लांब, तर त्याने मोबाईल काढला. मला ते आवडले नाही. वयाचा दोष असेल.

सरांची आणि माझी शेवटची भेट 2019 च्या उन्हाळ्यात झाली. त्यांचे अठ्ठ्याण्णवावे वर्ष चालू होते, ते पडवीत बाजेवर पडून होते. नातवाला नदीवरच्या बंधाऱ्यापासून मळ्यापर्यंत पाईपलाईन टाकायची होती आणि वीस फुटी पाईप किती लागतील, यावर घरात वाद चालला होता. मी गावनकाशा मागवला आणि मोजपट्टी लावून आकडा सांगितला. सरांनी मान वळवली. "चालून आलास?"

मी दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन व्हायच्या आत, बंधाऱ्यावर गेलो आणि तिथून मोजत मळ्यापर्यंत आलो. पडवीत येऊन बाजेशेजारी बसलो आणि सांगितले, "सर, बाराशे चाळीस पावले."

त्यांनी डोळे मिटलेले होते. ते तसेच ठेवून त्यांनी विचारले, "तुझी की माझी?"