लाळेऱ्याची गाठ: आमची वाटचाल

आमच्याकडे लाळेऱ्यांच्या ऑर्डरचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. कापडाचा रंग नंतर, हत्ती हवा की ससा तेही नंतर. आधी विचारतो, "बाळाला दिवसभर कोण सांभाळतं?" पलीकडे क्षणभर शांतता. मावसबहिणीच्या बाळाच्या बारशाला द्यायचं असतं, त्या घरात दुपारी कोण असतं हे कुणाला माहीत! "विचारून सांगते" म्हणून फोन ठेवतात. काही परत करतात, काही करत नाहीत. तरी हा प्रश्न आम्ही सोडलेला नाही. तो सुचायला आम्हाला बरीच वर्षं लागली आणि दोन-तीन पोती लाळेरी वाया गेली.

मूळ काम सासूबाईंचं. सांगलीत गावभागात आमचं घर. नात्यात कुणी बाळंत झालं की त्या बाळंतविडा शिवायला बसायच्या: कुंची, टोपरं, झबली, दुपटी आणि अर्धा डझन लाळेरी. कापड जुन्या सुती साडीचं, कारण नवं कापड बाळाला टोचतं. लाळेऱ्याला मागे दोन बंद. त्यांची ताकीद एकच असायची, "सुरगाठ बसेल एवढाच बंद ठेव. लांब ठेवलास की कुणीतरी निरगाठ मारणार, मग घामाने भिजलेली गाठ सोडवत बसा."

माझ्या मुलीला दात येत होते तेव्हा दिवसाला सात-आठ लाळेरी भिजायची. तेव्हा मी त्यांच्या पायमशीनवर बसले ती उठलेच नाही. शेजारणीने मागितली, तिच्या जावेने मागितली, मग कापडपेठेतल्या एका दुकानदाराने दोन डझन ठेवून घेतली. पुढचं कापड इचलकरंजीचं पॉपलीन, मधे फ्लॅनेल, मागे सोलापुरी टॉवेलचं कापड. ही तीन थरांची रचना आजही तीच आहे. बदलत गेलं ते फक्त मानेमागचं दोन इंच.

दुकानदार म्हणाला, "ताई, बंद जुने झाले. वेल्क्रो लावा, लगेच उठतील." तो फॅशनचं बोलत होता, पण बंद सोडायला त्याहून मोठं कारण होतं. गळ्याभोवती बांधलेली दोरी पाळण्याच्या कडीत अडकली तर ती सुटत नाही, आवळते. युरोपात मुलांच्या कपड्यांतल्या नाड्यांसाठी ईएन १४६८२ नावाचं मानकच आहे. सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपी आणि गळ्याच्या भागात नाडी नको, असं ते सांगतं. लाळेरं त्या मानकातून वगळलंय, पण गळा तोच ना! आणि बाळ तर सात वर्षांचंही नसतं. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "झोपवताना लाळेरं काढायचं असतं, एवढं कळत नाही का लोकांना?" कळतं, पण बाळ मांडीवर झोपलं की त्याला हलवायची हिंमत कुणाची होते? तेव्हापासून 'झोपवताना काढा' अशी छोटी पट्टी आम्ही प्रत्येक लाळेऱ्याच्या शिवणीत घालतो.

वेल्क्रोची गंमत अशी की ती निसर्गातून उचललेली आहे. जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या स्विस इंजिनिअरच्या कपड्यांना आणि कुत्र्याला रानातून फिरून आल्यावर काटेरी फळं चिकटली. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर टोकांना बारीक आकडे. आपल्याकडे साडीच्या काठाला कुसळं चिकटतात तेव्हा आपण शिव्या घालतो, त्याने १९५५ मध्ये पेटंट घेतलं.

वेल्क्रो मला अजूनही आवडते, कारण ओढली की सुटते. सासूबाईंच्या सुरगाठीचा गुण तिच्यात आहे. पण आम्ही ती लावली उलटी. काटेरी बाजू वरच्या पट्टीला, आत वळलेली. पट्टी जरा तिरकी चिकटली की काटे थेट मानेला. एका बाईंनी बाळाच्या मानेवरच्या लाल रेघेचा फोटो पाठवला, खाली एक शब्द नाही. रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळा माल परत आणून उसवला. आता मानेलगतच्या पट्टीवर काटेरी तुकडा असतो, तोंड बाहेरच्या बाजूला. वरून येणारी पट्टी मऊ, म्हणजे तिरकी बसली तरी मानेला मऊच लागतं. तुकड्याचे चारही कोपरे कात्रीने गोल करतो. कोपरा चौकोनी राहिला तर धुतल्यावर उचलतो आणि टोचतो.

दुसरी तक्रार धुण्याची. मागचं कापड टॉवेलचं, म्हणजे नुसते धाग्यांचे फासे. मशीनमधे उघडी वेल्क्रो त्या फाशांत शिरायची, आणि बाहेर निघायचा तो सहा लाळेऱ्यांचा एक गोळा. काट्यांत कापसाचा लगदा बसला की दोन-तीन महिन्यांत पकड संपली. तिसरी तक्रार बाळांचीच होती. आठव्या-नवव्या महिन्यात त्यांना कळतं की हे ओढलं की 'चर्रर्र' होतं. मग लाळेरं जमिनीवर आणि वरणभात झबल्यावर.

म्हणून टिचबटणं घेतली. धातूची, दातेरी कड्याची, हाताने दाबायच्या प्रेससकट. सुरेख बसायची, 'टिच' आवाज तर इतका समाधान देणारा की आमच्या मावशी उगाचच चार वेळा लावून-काढून बघायच्या. मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. मशीनं कशीबशी माळ्यावर चढवली, माल खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर कापड धुऊन काढलं, पण टिचबटणांभोवती तांबूस वर्तुळं उठली होती. पितळी म्हणून घेतलेली बटणं आतून लोखंडी होती, वरून नुसता मुलामा. पुराने फक्त ते लवकर दाखवलं. रोज लाळेने भिजणाऱ्या वस्तूचं सहा महिन्यांनी तेच झालं असतं. शिवाय अशा मुलाम्यात बरेचदा निकेल असतं. खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर प्लॅस्टिकची टिचबटणं. गंजत नाहीत, रंग मिळतात, उकळत्या पाण्यात टाकली तरी काही होत नाही. चुकलो ते लावण्यात. या बटणाच्या टोपीला मागे एक टोकदार खिळा असतो. तो कापडातून आरपार जातो, पलीकडून दुसरा भाग बसवून प्रेसने दाबला की खिळ्याचं टोक चपटं होऊन धरून ठेवतं. आमचे थर तीन, त्यात टॉवेल जाड. खिळा कापडातच संपायचा, चपटं व्हायला टोक उरायचंच नाही. वरून बघायला सगळं व्यवस्थित.

एक दिवस एक आई दुकानात आली. पर्समधून कागदाची पुडी काढून काउंटरवर उघडली. आत आमचं फिकट निळं बटण. बाळाच्या मुठीत सापडलं होतं. "तोंडात गेलं नाही, म्हणून सांगायला आले," एवढंच म्हणाली. पैसे परत घेतले नाहीत. ते बटण काड्यापेटीत घालून मी मशीनच्या खणात ठेवलंय. नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी ती काड्यापेटी तिच्या हातात देते.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळी वापरतात, आतून ३१.७ मिलिमीटर व्यासाची. जो सुटा भाग तिच्यात पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो असं धरायचं. आमचं बटण तिच्यात घरंगळत गेलं असतं. लाळेरं खेळणं नाही, पण बाळाला हा फरक कुठे कळतो? खेळण्याचा घट्ट बसवलेला भाग ९० न्यूटन, म्हणजे साधारण नऊ किलोच्या ओढीला दहा सेकंद टिकला पाहिजे, असा युरोपातला नियम आहे. तोच आम्ही घरगुती पद्धतीने उचलला. भंगारवाल्याकडे असतो तसा ताणकाटा आणला. बटण चिमट्यात धरायचं, काटा नवावर येईपर्यंत ओढायचं, दहा आकडे मोजायचे. प्रत्येक पन्नासातलं एक. ते सुटलं तर पन्नासही बाजूला.

पहिल्या आठवड्यात निम्मी सुटली. मग पट्टीच्या टोकाला टॉवेल गाळला, दोन थर पॉपलीन आणि मधे बक्रमची, म्हणजे कडक अस्तराच्या कापडाची, रुपयाएवढी चकती घातली. भोक कात्रीने पाडणं बंद, टोच्याने धागे बाजूला सारायचे, म्हणजे ते खिळ्याभोवती पुन्हा आवळतात. तेव्हापासून काटा नवाच्या पुढे जातो. दोन बटणं जागेवर राहून एकमेकांपासून मात्र सहज सुटली पाहिजेत. या व्यवसायातली सगळी कसरत एवढीच आहे. कापडाशी निरगाठ, आपसात सुरगाठ.

मधे एकीने परदेशात राहणाऱ्या भाचीसाठी लोहचुंबकाची मागितली. नाही म्हटलं. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेगळ्या घड्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधलं आतडं चिमटतं. बिनबंदाची, डोक्यातून घालायची होजिअरी लाळेरीही करून पाहिली. घालताना उत्तम, काढताना नाचणीसत्त्व थेट कपाळावर!

टिचबटणांवर आम्ही खूश होतो, तोवर सासूबाईंनी पणतीला लाळेरं घालायला घेतलं. अंगठा दाबला, पुन्हा दाबला. संधिवाताची बोटं, बटण काही लागेना. बाळ मान वळवतंय, त्यांचा हात थरथरतोय. शेवटी लाळेरं बाजूला ठेवून त्यांनी स्वतःचा पदर बाळाच्या हनुवटीखाली खोचला. मला काही बोलल्या नाहीत.

आई ऑफिसात आणि बाळ आजीकडे, अशा घरांत आमची किती लाळेरी कपाटात घडी घालून पडली असतील, ते त्या दुपारी लक्षात आलं. भेट देणारी व्यक्ती तरुण, विकत घेताना तिचाच अंगठा चालतो. तेव्हापासून तो प्रश्न. पाळणाघर असेल तर टिचबटण, दोन मापांची, कारण तिथे धुणं मशीनमधे आणि मुलं ओढाओढीची. आजी असेल तर वेल्क्रो, धुताना ती बंद ठेवायची अशी चिठ्ठी जोडून. साधं बटण आणि काज कुणालाच नाही, कितीही गोड दिसलं तरी. दोरा झिजतो आणि ते कधी सुटेल ते सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात मिरजेहून फोन होता. प्रश्न विचारला तर उत्तर आलं, "आजोबा. आणि त्यांचा डावा हात नीट चालत नाही." अशी ऑर्डर पहिलीच. मागे उघडणारं लाळेरं एका हाताने लागणारच नाही, म्हणून उघडणी खांद्यावर आणली, वेल्क्रो हाताच्या पंजाएवढी रुंद केली. आजोबा ते घ्यायला स्वतः आले. काउंटरवर पसरून उजव्या हाताने चार वेळा लावलं, चार वेळा काढलं. मग विचारलं, "हा आवाज जरा कमी नाही का होणार? ती जागी होते."

बघतो म्हटलं. सध्या वेल्क्रोचे तुकडे निम्मे कापून लावून बघतोय.