नायट्रेटचा आकडा पळतो कुठे, ते सापडलं

रावेरच्या केळीच्या मळ्यातल्या मातीतला नायट्रेट (पिकाला मिळणाऱ्या नत्राचं एक रूप) दर खेपेला उड्या का मारतो, त्याचा पत्ता लागला. दोष नायट्रेट मोजायच्या रंग बदलणाऱ्या पट्टीचा नाही, माती हलवून अर्क काढायच्या द्रावणाचाही नाही. नमुना ठेवलेल्या, गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीचा आहे.

मातीच्या एकाच ढिगाचे तीन वाटे केले. एकाचा अर्क आणल्या आणल्या काढला, दुसरा सावलीत कागदावर पातळ पसरला, तिसरा ओलाच पिशवीत ठेवला. पहिले दोन पट्टीवर 10 ला, पिशवीतला 25 ला! मे महिन्यातल्या उकाड्यात ओल्या मातीतले जिवाणू थांबत नाहीत. सेंद्रिय नत्राचं अमोनियम आणि त्याचं नायट्रेट होतच राहतं. नमुना चिखलासारखा असेल आणि आत हवाच नसेल, तर उलट नायट्रेट वायू होऊन उडतं. आधीच्या नोंदींतले खाली गेलेले आकडे त्यातलेच असणार.

पट्टीवरच्या एका रंगाच्या फरकाची किंमत बघा. 25 टक्के ओलाव्याची (कोरड्या मातीच्या वजनावर) 20 ग्रॅम माती म्हणजे 16 ग्रॅम कोरडी माती आणि 4 मिलि पाणी. त्यात 100 मिलि द्रावण. पट्टी 10 (लिटरला 10 मिलिग्रॅम नायट्रेट) दाखवते तेव्हा 10 × 104 ÷ 16 = 65, किलोभर कोरड्या मातीत इतके मिलिग्रॅम नायट्रेट; नायट्रेटचं नत्र करायला भागिले 4.43, म्हणजे 14.7 पीपीएम (किलोला मिलिग्रॅम) नत्र. 15 सेंमी थरासाठी 2.24 ने गुणलं की हेक्टरी 33 किलो. पट्टी 25 दाखवते तेव्हा 82. हा फरक युरियाच्या जवळपास अडीच गोण्यांचा.

द्रावण तेच, 0.01 मोलर कॅल्शियम क्लोराईड: लिटरला 1.47 ग्रॅम, पण डायहायड्रेटच (ज्याच्या स्फटिकात पाणी असतं ते) घ्या. निर्जल पावडर हवेतलं पाणी ओढते, वजन चुकतं. साध्या पाण्यात आपली काळी माती गढूळच राहते, यात खाली बसते. पट्ट्यांची मोठी डबी स्वस्त पडते, पण उघडल्यावर दमट होते, छोटीच बरी.

सावलीचा वाटा बिनचूक निघाला, म्हणून सगळंच वाळवायचं ठरत होतं. पण काळ्या मातीत वाळवण्याने पालाशचा आकडाही सरकतो आणि पावसाळ्यात माती वेळेत सुकत नाही. त्यापेक्षा द्रावणाच्या बाटल्या आधी वजन करून शेतावरच न्यायच्या, माती तिथेच टाकायची, नेमकं वजन घरी. द्रावणाने जिवाणू मरत नाहीत, तेव्हा बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी गाळायच्या. ओलाव्यासाठी थोडी माती वेगळ्या बंद डबीत.

अडचण उरते ढेकळांची. ओली चिकण माती बाटलीत फुटत नाही. काचेच्या चार गोट्या टाकून हलवून बघतो.