बुधवारीतल्या काकांचा सहावा डाव

नागपुरात मारबतीची मिरवणूक निघाली त्या दिवशी आमच्या शब्दखेळाचं उत्तरही 'मारबत' होतं. शनिवार, २३ ऑगस्ट २०२५. सकाळपासून मेल आले, पुण्याहून सरांचे फोन आले, 'नागपूरवाल्यांचे लाड चाललेत' असंही ऐकून घेतलं. ते सगळं चार दिवसांत विरलं. पण जगनाथ बुधवारीत राहणाऱ्या एका काकांनी त्या दिवशी आपला सहावा डाव खेळलाच नाही, आणि ते काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले.

मी रोजच्या मराठी शब्दखेळाची संपादक आहे. मुख्य ऑफिस पुण्याला, आम्ही दोघं-तिघं नागपूरच्या आयटी पार्कात. चार अक्षरांचा एक लपवलेला शब्द, ओळखायला सहा डाव. अक्षर जागेवर पडलं तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेल तर राखाडी. रात्री बाराला नवा शब्द. लोकांना वाटतं, शब्द कॉम्प्युटर काढतो. तसं नाही. तीन-तीन महिन्यांचे शब्द मी हातानं लावते, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो सणांच्या आठवड्यांवर.

कारण आपले सण तारखेला बांधलेले नाहीत. इंग्रजीत खेळ चालवणाऱ्याला नाताळ दर वर्षी २५ डिसेंबरलाच मिळतो. आमचा पोळा २०२४ मध्ये २ सप्टेंबरला होता, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला आला. एक संक्रांत तेवढी सूर्यावर चालते म्हणून फारशी हलत नाही. नागपुरात आणखी एक पेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला विजयादशमी होती, त्या दिवशी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. आता तिथी आणि तारीख क्वचितच एकत्र येतात. २०२५ चा दसरा तर २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीलाच होता. मुख्य ऑफिसकडून येणाऱ्या सणांच्या तक्त्यात यातलं काहीच नसतं. दिवाळी, गणपती, गुढीपाडवा, झालं. तो तक्ता करणाऱ्यानं कालनिर्णय भिंतीवरून काढून एकदा समोर ठेवलं असतं तरी माझं निम्मं काम वाचलं असतं.

त्यात अक्षरांचा हिशेब. मराठीत 'चार अक्षरं' म्हणजे नेमकं काय, हे कॉम्प्युटरला पटवण्यात आमचं पहिलं वर्ष गेलं. 'संक्रांत' तुम्ही-आम्ही तीन अक्षरांचा मोजतो. कॉम्प्युटरच्या पोटात तो आठ तुकड्यांचा असतो: स, अनुस्वार, क, हलन्त, र, काना, पुन्हा अनुस्वार, त. 'महालक्ष्मी' पहिल्यांदा पडद्यावर आली ती म, हा, ल, क्, ष्, मी अशी सहा घरांत फुटून. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं लिहायच्या जागतिक ठरावात, २०२३ मध्ये आला, पण लोकांच्या हातातले फोन जुने. म्हणून अक्षर तोडायचा कोड आम्ही स्वतः लिहिला. वर्ध्याचा एक पोरगा आहे आमच्याकडे, त्यानं लिहिला. हात अतिशय साफ आहे त्याचा. फक्त शब्द म्हणजे त्याच्या लेखी नुसता डेटा, आणि त्यावरून आमची रोज वादावादी होते. व्यंजन बरोबर पण मात्रा चुकली तर अक्षराखाली बारीक हिरवी रेघ येते, ही कल्पना माझी. तिचा मला अभिमान आहे. उत्तरात 'त' असताना कोणी 'ती' टाकला तर त्याला कोरा राखाडी दाखवणं मराठीवर अन्याय आहे.

तर अशा चार घरांत बसणारे सण किती? दिवाळी तीन, होळी दोन, गुढीपाडवा पाच. उरतात नवरात्र, कोजागरी, भाऊबीज, एकादशी, तिळगूळ, अनारसा. यादी छोटी, आणि खेळणारे तयारीचे. भाऊबिजेच्या दिवशी 'भाऊबीज' ठेवा, अर्धा महाराष्ट्र पहिल्याच डावात सोडवून मोकळा होईल.

सणाचा शब्द सणाच्याच दिवशी ठेवावा की नाही, हा वाद आमच्याकडचाच नाही. वर्डल हा इंग्रजी खेळ जॉश वॉर्डलनं केला, जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं तो विकत घेतला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला स्वतंत्र संपादक नेमली. त्याच महिन्यात, २४ तारखेला, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी उत्तर होतं 'फीस्ट', म्हणजे मेजवानी. काही खेळाडू चिडले. शब्द दिवसाशी जुळायला लागले की अंदाजाचा खेळ राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटतंही. पण हेही खरं की शब्दकोडं जन्मालाच सणाच्या पुरवणीत आलं. आर्थर विन यांचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या नाताळच्या पुरवणीत छापलं गेलं. सणाच्या सुटीत माणूस निवांत असतो, घरात चार डोकी जमलेली असतात, कोडं तेव्हाच रंगतं. भुलाबाईची गाणी म्हणून झाली की झाकलेली खिरापत ओळखायचा खेळ आपल्या बायका-मुली कधीपासून खेळत आल्यात, तो याहून वेगळा नाही.

भुलाबाई म्हटलं आणि गाडी मूळ मुद्द्यावर आली. आमचा एक तीन अक्षरांचा छोटा खेळ आहे. त्यात आदल्या वर्षी 'भोंडला' येऊन गेला, 'हादगा' येऊन गेला. एकाही नागपूरकरानं विचारलं नाही की हे काय? आमच्याकडे भोंडला नसतो, भुलाबाई बसते. तरी सगळ्यांनी मुकाट्यानं सोडवलं. म्हणून या वेळी तान्ह्या पोळ्याच्या दिवसासमोर मी 'मारबत' लिहिलं. मा, र, ब, त. काना एकच, बाकी सगळी साधी अक्षरं. खेळाच्या दृष्टीनं सुरेख शब्द.

बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडाचे नंदी सजवून दारोदार बोजारा मागतात, तो तान्हा पोळा. त्याच दिवशी जुन्या नागपुरात मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काळी आणि पिवळी इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या-त्या वर्षी लोकांना जे सलत असेल त्याचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, जे असेल ते. 'इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' असं ओरडत गावाबाहेर नेऊन जाळतात. मिरवणूक एका दिवसाची, पण शब्द आमच्या तोंडी बाराही महिने. घरातलं दुखणं असो की ऑफिसातली कटकट, 'घेऊन जा गे मारबत' म्हटलं की मन मोकळं होतं.

त्या शनिवारी नऊच्या आत सरांचा फोन. "शब्द बदला. अर्ध्या महाराष्ट्राला कळणार नाही. फार स्थानिक आहे."

मी म्हटलं, "सर, रात्री बाराला सुटलेला शब्द सकाळी नाही बदलता येत." हे हट्टानं म्हटलं नव्हतं. ९ मे २०२२ ला, अमेरिकेत गर्भपाताच्या हक्कावरून वाद पेटलेला असताना, वर्डलमध्ये नेमका 'फीटस', म्हणजे गर्भ, हा शब्द आला. त्यांनी तो बदलून 'शाइन' केला, पण ज्यांच्या ब्राउझरमध्ये जुनी प्रत उघडी होती त्यांना जुनाच शब्द मिळाला. एकाच दिवशी दोन उत्तरं. रोजच्या खेळात सगळ्यांना एकच शब्द असतो, या विश्वासावर तर लोक एकमेकांना आपल्या डावांच्या रंगीत चौकटी पाठवतात. सरांनी ऐकलं. माणूस सरळ आहे, मुद्दा समजला की ताणत नाही.

तक्रारी यायच्या तशा आल्या. कोल्हापूर, ठाणे, पुणे. कोणी म्हणालं, असा शब्दच नाही. कोणी म्हणालं, नागपूरकरांना आयतं ताट वाढलंत. हे दुसरं मलाही खरंच वाटत होतं. म्हणून संध्याकाळी मोठ्या उत्सुकतेनं मी नागपूर शहराचे निकाल उघडले. इथले लोक दोन-तीन डावांत मोकळे झाले असतील अशी माझी खात्री होती. तसं झालंच नव्हतं. पाचव्या-सहाव्या डावाला पोचलेले कितीतरी, आणि हरलेलेही होते. ज्या गावात सकाळपासून रस्ते बंद, गल्लीबोळांत तोच एक शब्द, त्या गावात.

सोमवारी काकांचा मेल आला. दोन ओळी. 'शनिवारचं उत्तर पाहिलं. माझ्या मनात तेच होतं, पण टाकलं नाही.' खाली फोन नंबर.

मी त्यांचा खेळ उघडून पाहिला. पहिला डाव 'कारखाना'. र हिरवा. दुसरा 'हरकत'. र आणि त हिरवे. तिसरा 'मारफत'. मा, र, त हिरवे, फक्त तिसरं घर रिकामं. चौथा 'गणपती', बहुधा दिवस जवळ आलेत म्हणून. ग, ण, प बाद, 'ती'खाली हिरवी रेघ. पाचवा 'बरकत'. ब पिवळा.

इथे मी थांबले. क नाही हे त्यांना दुसऱ्या डावातच कळलं होतं. तरीही 'बरकत' टाकला, म्हणजे तो शब्द फक्त ब तपासायला. मा, र, रिकामं घर, त, आणि ब आहे. जुळवायला दुसरं काही उरतच नव्हतं. सहावी ओळ कोरी, आणि खेळ रात्री बारापर्यंत तसाच उघडा.

मी फोन लावला. काका वायरिंगची कामं करायचे, आता घरीच असतात. पिवळी मारबत त्यांच्याच वस्तीतून निघते.

"काका, ब आल्यावर कळलं नाही का?"

"कळलं ना जी ताई. ब आला तवाच कळलं. खाली पोट्टे वरडून राह्यले होते, घेऊन जा गे मारबत. पण मले वाटलं, दुसरा कोणता तरी शब्द असन. पुन्याकडचा. आपल्याले माईत नसन."

"मग एकदा टाकून तरी पाहायचं. यादीत नसलेल्या शब्दाचा डाव मोजत नाही आपण."

"मागं भुलाबाई टाकली होती, त लाल पट्टी आली, 'असा शब्द नाही'. मे महिन्यात नवतपा टाकला, पुन्हा लाल पट्टी. दोनदा मनलं तुमी नाही म्हनून. तिसऱ्यांदा कायले टाकीन?"

रागावून बोलत नव्हते ते. खेळाचा एखादा नियम सांगावा तसं सांगत होते.

फोन ठेवल्यावर मी यादी उघडली. काकांचं खरं होतं. 'भुलाबाई' नाही, 'नवतपा' नाही. 'मारबत' मी हातानं घातला म्हणून होता.

अशा खेळात दोन याद्या असतात. एक उत्तरांची, छोटी. दुसरी मान्य शब्दांची, म्हणजे खेळाडूनं टाकला तर चालेल अशांची, ती मोठी. वर्डल सुरू झाला तेव्हा उत्तरं साधारण २,३०० होती आणि मान्य शब्द बारा हजारांच्या वर. आमची मोठी यादी मी येण्याआधी, वर्षभराच्या मराठी छापील मजकुरातून काढलेली आहे. जो शब्द ठरावीक वेळांपेक्षा कमी आला तो गाळला. यात सणाचे आणि ऋतूचे शब्द हमखास मरतात. 'नवतपा' मेअखेर, रोहिणीच्या उन्हात नऊ दिवस नागपूरच्या प्रत्येक ओट्यावर असतो, उरलेलं वर्ष गायब. वर्षाची सरासरी काढली की त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. 'कोजागरी' टिकते, कारण ती एकाच रात्री का होईना, सगळा महाराष्ट्र लिहितो. एका भागाचा सण आणि वर्षातून एक आठवडा, अशा शब्दाला या गाळणीतून वाटच नाही. आणि गाळलेल्या शब्दाला आमचा खेळ म्हणतो, 'असा शब्द नाही'. आमच्या यादीत नाही, असं म्हणत नाही.

ही ओळ बदला, असं मी आधीही लिहून कळवलं होतं. उत्तर आलं होतं, पट्टीत जागा कमी आहे.

आता सरांनी नियम केलाय, सणाचा शब्द त्या सणाच्या आठवड्यात ठेवायचा नाही. मी त्यावर भांडले नाही. सणाचा शब्द आडदिवशी ठेवला तर सगळ्यांना सारखाच अवघड पडतो, त्यात न्याय आहे. माझं भांडण मोठ्या यादीसाठी आहे. मी शब्द पाठवलेत: भुलाबाई, नवतपा, वडाभात, गोळाभात, पाटवडी. सोबत प्रत्येकाची छापील कात्रणं, कारण पुराव्याशिवाय चालत नाही. 'भोंडल्या'ला कोणी पुरावा मागितला होता का, हे मी बैठकीत विचारलं. कोणी बोललं नाही. वर्ध्याच्या पोरानं मात्र त्याच रात्री, न सांगता, सरासरी वर्षाची न काढता आठवड्याची काढणारा कोड लिहून पाठवला. त्यात 'मारबत' आपोआप वर आली.

भुलाबाई आणि नवतपा मंजूर झालेत. बाकीचे तपासात आहेत. काकांना मी फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, "आता संत्राबर्फी टाकून पाह्यतो." तीही चारच अक्षरांची. मी टाकून पाहिली. लाल पट्टी आली, 'असा शब्द नाही'. ती पुढच्या पत्रात घातली आहे, आणि पट्टीच्या ओळीबद्दल पुन्हा लिहिलं आहे.