जिप्सीचा रोल बार आणि पाईपचा न मिळणारा टीसी

जिप्सीचं काम पूर्ण होऊन बरेच दिवस झाले, तरी पाईपांचा बाजार असलेल्या सी. पी. टँकच्या बाजूला गेलो की माझं डोकं अजून तापतं. चासी मजबूत करणं, पाईप वाकवणं, वेल्डिंग, ही सगळी कामं मुंबईत मनापासून करून देणारी माणसं आहेत. मला अडवलं ते एका कागदाने. पाईपच्या पोलादात काय आहे आणि त्याची ताकद किती, हे सांगणाऱ्या टेस्ट सर्टिफिकेटने, ज्याला बाजारात सगळे टीसी म्हणतात.

गाडी मारुती जिप्सी किंग, ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मैदानातल्या वेळेच्या शर्यतीसाठी, बांधायला घेतलेली. सॉफ्ट टॉपच्या जिप्सीत गाडी उलटली तर डोक्यावर कापडाशिवाय काही नसतं, म्हणून सीटच्या मागे मुख्य कमान, तिला मागे टेकू देणारे दोन तिरके पाय आणि मधे एक तिरपा पाईप असा रोल बार ठरवला. मापं अंदाजाने घ्यायची नव्हती. एफआयए या मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांतलं, अपेंडिक्स जे मधलं कलम 253 समोर ठेवलं. मुख्य कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस (गार ओढलेलं, बिनजोड) कार्बन स्टील, 45 बाय 2.5 किंवा 50 बाय 2 मिमी. बाकीच्या पाईपांना 38 बाय 2.5 किंवा 40 बाय 2. तन्यताबळ, म्हणजे ताण सोसायची ताकद, किमान 350 न्यूटन प्रति चौरस मिमी, कार्बन जास्तीत जास्त 0.3 टक्के. जाडी आणि व्यास व्हर्नियरने मोजता येतात. शेवटचे दोन आकडे मात्र डोळ्यांना दिसत नाहीत, ते टीसीवरच वाचायचे असतात.

तर पाईप. आपल्या बाजारात पाईप मागायला गेलं की पहिला घोळ मापाचा. दुकानदार नॉमिनल बोअरमध्ये, म्हणजे पाईपच्या आतल्या नावापुरत्या मापात, बोलतो. त्याचा दीड इंची पाईप बाहेरून 48.3 मिमी भरतो आणि सव्वा इंची 42.4. आपल्याला हवा असलेला 45 यात बसतच नाही. तो मेकॅनिकल ट्यूबिंगचा माल, त्यामुळे ‘बाहेरून 45, जाडी अडीच, सीडीएस’ (कोल्ड ड्रॉन सीमलेस) असंच सांगायचं. दुसरा घोळ वजनाचा. 45 बाय 2.5 चा पाईप मीटरला साधारण 2.6 किलो. सहा मीटरची लांबी जेमतेम सोळा किलो. टनांत व्यवहार करणाऱ्या माणसाला अशा गिऱ्हाइकात काही रस नसतो, आणि हे तो लपवतही नाही.

एका व्यापाऱ्याकडे माल होता. ‘सीमलेस आहे ना?’ विचारलं तर म्हणाला, ‘एक नंबर माल आहे साहेब, बिनधास्त न्या.’ मी मोबाईलचा टॉर्च लावून कापलेल्या तोंडातून आत पाहिलं. एका पाईपात आतून सरळ उभी रेघ, बोटाला लागणारी. म्हणजे ईआरडब्ल्यू, पत्रा वळवून सांधलेला. तो बाजूला काढायला लावला. हे तुम्हीही कराच, फुकट आहे आणि मिनिटभरात होतं. पण उलटं समजू नका: सांधलेला पाईप नंतर ओढून काढला असेल तर रेघ जवळजवळ नाहीशी होते. रेघ दिसत नाही म्हणून पाईप सीमलेस ठरत नाही. तिथे कागदच लागतो.

आणि तिथून सुरू झाली ती रखडपट्टी. फोन केला की ऑफिसातला मुलगा म्हणायचा, ‘सर, शेठ बाहेर आहेत, टीसी उद्या मेल करतो.’ तो उद्या पुढे सरकतच राहिला. वसईला बेंडिंगवाल्याकडे घेतलेली तारीख गेली. शेवटी टीसी आला तो झेरॉक्सचा झेरॉक्स, त्यावर माप 48.3 आणि हीट नंबर असा, जो माझ्या एकाही पाईपावर नव्हता. मी विचारलं तर उत्तर, ‘सगळा माल एकच असतो हो.’ नसतो! हीट नंबर म्हणजे पोलाद भट्टीतून ओतलं त्या घाण्याची ओळख. कार्बन, मँगनीज, ताकद, सगळं त्या घाण्यापुरतं खरं. दुसऱ्या घाण्याचा कागद माझ्या डोक्यावरच्या पाईपबद्दल काहीही सांगत नाही. टीसी नाही तर पैसे नाहीत, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्यावरच ठाम राहिलो. माल उचलला नाही.

पाईप शेवटी कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून मिळाला. त्यावर हीट नंबर छापलेला होता आणि तोच नंबर टीसीवर. तो कागद हातात घेतला तेव्हा खरंच हायसं वाटलं. एवढं करूनही जुळणारा टीसी मिळाला नाही, तर पाईपचा तुकडा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ताण चाचणी आणि रासायनिक तपासणीला द्या.

पुढचं सगळं भराभर झालं. बेंडिंगला जाण्याआधी 45 ची डाय आहे का ते फोनवरच विचारा, कारण रेलिंगवाल्यांच्या हायड्रॉलिक बेंडरला बहुतेक वेळा नॉमिनल बोअरचेच साचे असतात. पाईप गार वाकवायचा, गॅसने तापवून नाही. वळणाची त्रिज्या व्यासाच्या निदान तिप्पट. कमान एकाच अखंड पाईपाची.

चासीचं काम याच्या आधीच उरकलं होतं. हातोडीने ठोकत गेलो, मागच्या शॅकलजवळ (पाटा स्प्रिंग चासीला जोडणारा दुवा) आवाज बद्द आला, तिथे गंजाने पत्रा खाल्लेला. तो कापून 3 मिमीच्या प्लेटा लावल्या. प्लेट चौकोनी नको, टोकं शंकरपाळ्यासारखी तिरकी कापा. उभ्या सरळ टाक्याच्या कडेने चासी पुढे तडकते. मिस्त्रीने थोडं इकडे, थोडं तिकडे असं वेल्डिंग केलं आणि मधे मधे कर्ण मोजले, त्यामुळे चासी पिळली नाही. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) काढा, पेट्रोलची टाकीसुद्धा. सीओटू वेल्डिंग चालू असताना पंखा बंद, नाहीतर टाक्याला हवेपासून वाचवणारा गॅस उडून टाका सच्छिद्र होतो. नंतर चासीच्या आत मेणाचा फवारा हवाच, मुंबईच्या खाऱ्या हवेत जळालेला रंग आतून गंज धरतो.

कमानीचे पाय बॉडी माउंटच्या, म्हणजे बॉडी चासीला जोडलेल्या जागांच्या, वर घेतले. प्रत्येक पायाखाली किमान 3 मिमी जाडीची, 120 चौरस सेंमी प्लेट, आणि 8.8 ग्रेडचे एम 8 बोल्ट, पायाला तीन. बोल्ट नागदेवी स्ट्रीटला मिळतात, डोक्यावर 8.8 कोरलेलं बघूनच घ्या.

गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये सांगितलंय. शिवाय हेल्मेट नसताना डोक्याजवळचा पाईपच घात करतो. माझी जिप्सी ट्रेलरवरूनच मैदानात जाते. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचे त्या वर्षीचे नियम पाहावेत, आणि डोकं जिथे लागू शकतं तिथे एफआयए 8857-2001 चं पॅडिंग लावावं, साधा फोम नको.

एक राहिलंच: रंग मारण्याआधी पाईपवरच्या हीट नंबरचा फोटो काढून टीसीसोबत ठेवा. प्रायमर बसला की तो नंबर परत दिसत नाही.