माझा अनुभव: म्युनिकहून झेकिया, खिसा सांभाळून

झेकिया (चेक प्रजासत्ताक) स्वस्त आहे हे ऐकून निघालेल्यांचं बजेट बहुतेक वेळा सांध्यांवर फुटतं. जर्मन तिकीट संपून झेक तिकीट सुरू होतं तिथे, युरोचा कोरुना, म्हणजे झेक चलन, होतो तिथे, आणि दुकानं बंद असलेल्या दिवशी. जेवण, ट्राम, रेल्वे या गोष्टी खरोखरच स्वस्त पडतात. म्हणून चार रात्रींची आखणी करताना मी आधी हे सांधे बघितले, प्रेक्षणीय स्थळं नंतर. आम्ही चौघं होतो: दोघं नवरा-बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि भारतातून आलेली, पासष्टी ओलांडलेली आई. खालचे दर २०२५ चे आहेत.

सुरुवात कागदांपासून. भारतीय पासपोर्ट आणि जर्मन रेसिडेन्स परमिटचं कार्ड असेल तर झेकियासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय गटाच्या, इतर देशांत राहता येतं. नुकतेच आलेले लोक कार्डाची वाट बघत असतील तर पासपोर्टातला राष्ट्रीय डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा) चालतो, मुदत मात्र शिल्लक हवी. अडकतात ते परमिटचं नूतनीकरण चालू असलेले. मधल्या काळात मिळणाऱ्या फिक्त्सिओन्स-बेशायनिगुंग या तात्पुरत्या दाखल्यावर तीन चौकटी असतात. त्यातली जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१, उपकलम ४ ची चौकट खूण केलेली असेल, तरच तो कागद जुनं कार्ड आणि पासपोर्ट यांच्यासोबत प्रवासाला चालतो. उपकलम ३ ची खूण असेल तर देशाबाहेर पाऊल टाकू नका, परतताना अडचण होईल. आईचा शेंगेन व्हिसा एका प्रवेशाचा होता, तरी हरकत नव्हती, कारण झेकियाला जाणं म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं नव्हे. फक्त व्हिसा ज्या देशाने दिला, त्या देशातले दिवस जास्त असायला हवेत.

सगळ्यांचे मूळ कागद जवळ ठेवा. झेक सीमेवर जर्मनी ऑक्टोबर २०२३ पासून तपासणी करतं आहे, आणि परतीच्या गाडीत पोलीस चढतात. मोबाइलमधला फोटो दाखवून काम होत नाही. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजूही बघून घ्या, तेच युरोपीय आरोग्य कार्ड असतं आणि झेकियात तातडीच्या उपचारांना चालतं. आईला ते लागू नाही, तिच्यासाठी व्हिसाबरोबर काढलेला प्रवास विमाच.

आता गाडी, म्हणजे पहिला सांधा. म्युनिक ते प्राग थेट गाडी रेगेन्सबुर्ग, श्वांडॉर्फ, फुर्ट इम वाल्ड, पिल्झेन अशी जाते आणि सहा तासांच्या आसपास घेते. जर्मन हद्दीत ती प्रादेशिक गाडी म्हणून धावते, त्यामुळे डॉइचलांड-तिकीट, म्हणजे जर्मनीभर प्रादेशिक गाड्यांना चालणारा मासिक पास (२०२५ मध्ये महिना ५८ युरो, २०२६ पासून ६३) फुर्ट इम वाल्डपर्यंत चालतं. आम्हा दोघांकडे ते होतंच, म्हणजे जर्मन बाजूचा खर्च शून्य. पण या तिकिटावर मुलं फुकट जात नाहीत, सहा वर्षांच्या पुढे मुलाचं वेगळं तिकीट लागतं. आम्ही आईचं बायर्न-तिकीट (बव्हेरियातल्या प्रादेशिक गाड्यांचं दिवसाचं तिकीट) काढलं, त्यावर ६ ते १४ वर्षांचा नातू फुकट गेला. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होतं, म्हणून गाडीही त्याच हिशेबाने निवडली.

पुढचं तिकीट झेक रेल्वेच्या अ‍ॅपवर. इथे पहिलं झेक स्टेशन टाकलं, तर सीमेपासून त्या स्टेशनापर्यंतचा तुकडा कुठल्याच तिकिटात येत नाही. तिकीट सीमाबिंदूपासून काढायचं, यादीत तो फुर्ट इम वाल्डच्या नावापुढे वेगळी खूण करून दिलेला असतो. झेक बाजूला ६ ते १८ वयाची मुलं आणि ६५ वरचे ज्येष्ठ यांना निम्मं भाडं पडतं, नागरिकत्व विचारत नाहीत. वय दाखवायला पासपोर्ट पुरतो. ज्यांच्याकडे डॉइचलांड-तिकीट नाही, त्यांनी हे जोडकाम करण्याआधी पूर्ण प्रवासाचं सवलतीचं तिकीट दोन्ही रेल्वेंच्या अ‍ॅपवर ताडून बघावं. तीच गाडी, तोच डबा, आणि दर वेगळा, असं अनेकदा दिसतं. या मार्गावर रुळांची कामं निघतात आणि मधला टप्पा बसने करावा लागतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी वेळापत्रक पुन्हा उघडा.

मुक्कामाबाबत माझं मत जरा वेगळं आहे: चारही रात्री प्रागमध्ये काढू नका. आम्ही दोन रात्री पिल्झेनमध्ये राहिलो. गाडी तिथूनच जाते, खोल्या प्रागपेक्षा स्वस्त मिळतात, आणि २०१८ साली एयपोव्हित्सेचा बोगदा सुरू झाल्यापासून प्राग दीड तासाच्या आत आलं आहे. ज्यांना प्रागमध्येच राहायचं आहे, त्यांनी जुन्या शहराऐवजी झिझकोव्ह, होलेशोव्हित्से किंवा स्मिखोव्ह हे भाग बघावेत. ट्राम रात्रभर असतात. खोलीच्या दराशिवाय प्रागमध्ये माणशी रात्रीचा ५० कोरुना स्थानिक कर लागतो, १८ वर्षांखालच्यांना नाही. काही ठिकाणी तो पोहोचल्यावर वेगळा मागतात, तेव्हा दचकायला नको.

दुसरा सांधा कोरुनाचा. एक युरो म्हणजे साधारण २४ ते २५ कोरुना. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, पण मशीन विचारतं, 'युरोत की कोरुनात?' नेहमी कोरुना निवडायचं. युरो निवडलं की दर तुमची बँक ठरवत नाही, ते मशीन चालवणारी कंपनी ठरवते, आणि तो तिच्या सोयीचा असतो. एटीएमवर हाच प्रश्न 'रूपांतर स्वीकारता का?' अशा गोड शब्दांत येतो. उत्तर: नाही. पर्यटकांच्या रस्त्यांवरची रंगीत, मोकळी उभी एटीएम टाळा, बँकेच्या भिंतीतलं शोधा. चलन बदलण्याच्या दुकानात फसगत झालीच, तर १ एप्रिल २०१९ पासूनचा झेक कायदा मदतीला आहे: १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती मात्र जपून ठेवा. रस्त्यात 'चांगला दर देतो' म्हणणाऱ्याकडे बघूही नका, हातात कुठल्या देशाच्या नोटा पडतील सांगता येत नाही.

जेवणाचा मुख्य खर्च दुपारी करा. साधारण ११ ते २ या वेळेत उपाहारगृहांत 'पोलेद्नी मेनू', म्हणजे दुपारच्या जेवणाचं मेनू, असतं, तेच स्वयंपाकघर, आणि दर संध्याकाळपेक्षा बराच कमी. शाकाहाऱ्यांनी मेनूत 'बेझमासा यीद्ला' (बिनमांसाचे पदार्थ) हा भाग शोधावा. तिथे तळलेलं चीज, 'स्माझेनी सीर', हमखास मिळतं. दोन शब्द पाठ करा: 'साड्लो' म्हणजे डुकराची चरबी आणि 'स्लानिना' म्हणजे त्याचंच खारवलेलं मांस. बटाट्याचे 'ब्रांबोराक' दिसायला आपल्या थालीपिठाचे भाऊ, पण कधी कधी साड्लोत तळतात, आणि बटाट्याच्या सूपमध्ये मांसाचा रस्सा असू शकतो. विचारून घ्या. संध्याकाळी खोलीवर खिचडी. स्वयंपाकघर असलेली खोली चार माणसांत लगेच वसूल होते.

तिसरा सांधा किराण्याच्या दिवसाचा. झेकियात रविवारी दुकानं उघडी असतात, म्हणून जर्मनीहून आलेला माणूस निर्धास्त होतो. पण २०१६ च्या कायद्याने २०० चौरस मीटरहून मोठी दुकानं १ जानेवारी, ईस्टरचा सोमवार, ८ मे, २८ सप्टेंबर, २८ ऑक्टोबर, २५ आणि २६ डिसेंबरला बंद असतात, २४ डिसेंबरला दुपारी बाराला मिटतात. यातले मे, सप्टेंबर, ऑक्टोबरचे दिवस बव्हेरियाच्या कॅलेंडरात सुट्टीचे नसतात, आणि नेमके तेच लक्षातून जातात.

प्रागमधल्या प्रवासाला २४ तासांचं तिकीट १२० कोरुना आणि ७२ तासांचं ३३० होतं, जानेवारी २०२६ पासून दर वाढले आहेत. १५ वर्षांखालची मुलं आणि ६५ वरचे वयाचा पुरावा दाखवून फुकट, म्हणजे चौघांत तिकिटं दोनच. कागदी तिकीट घेतलं की पिवळ्या यंत्रात छापून घ्या. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

पाहण्यासारखं बरंचसं फुकटच आहे: चार्ल्स पूल, १४१० सालचं खगोलीय घड्याळ, व्हिशेह्राडचा तट, लेट्ना बागेतून दिसणारे सगळे पूल. प्राग किल्ल्याच्या अंगणांनाही तिकीट नाही, फक्त आतल्या इमारतींना आहे. तिथे सकाळी लवकर जा. एक दिवस कुत्ना होरासाठी राखला. प्रागच्या मुख्य स्टेशनावरून थेट गाडीने तासाभराचा प्रवास. हाडांचं प्रसिद्ध चर्च गावात नसून सेडलेट्स भागात, मुख्य स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जुनं गाव तिथून आणखी अडीच-तीन किलोमीटर. आधी चर्च बघून मग बसने गावात गेलं, की आजीचे पाय वाचतात.