शेकडा काय भाव?

मागच्या रविवारी तात्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तबेल्यात गठ्ठे मोजत होते. माझ्या मागची हिरवी थप्पी त्यांना दिसली आणि मुलगी कशी आहे, जावई कसे आहेत, सगळं राहिलं बाजूला. पहिला प्रश्न, "ही वैरण शेकडा काय भाव?"

साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यात जन्म गेलेला माणूस दुसरं काय विचारणार? आमच्याकडे कडबा शंभर पेंढ्यांच्या हिशेबानं जातो, त्यामुळे जगात सगळीकडे वैरण शेकड्यानंच विकत असतील असा त्यांचा ठाम समज आहे.

"इथं टनावर चालतं, तात्या."

"मग टनाचा सांग."

इथंच मी अडकले. कारण या गावात दहा जणांना विचारलं तर दहा भाव मिळतात, आणि दहाही बरोबर असतात.

गाव म्हणजे एलेन्सबर्ग, अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य. सिएटलहून कॅस्केड डोंगर ओलांडून आलं की दोन तासांत लागतं. नवऱ्याला इथल्या विद्यापीठात नोकरी लागली म्हणून आलो. सिएटलचा तो सततचा पाऊस डोंगरापलीकडेच अडतो. इथं वर्षाला जेमतेम नऊ इंच पडतो, म्हणजे आमच्या माणपेक्षाही कमी. पण डोंगरातला बर्फ वितळून तळ्यांत साठतो आणि कालव्यांनी शेतात येतो. वरून पाऊस नाही, खालून हवं तेवढं पाणी, आणि दिवसभर वारा असा की अंगणातल्या खुर्च्या बांधून ठेवाव्या लागतात. गवत वाळवायला याहून चांगली जागा नाही. इथलं टिमथी गवत जपानपर्यंत जातं. बाजरीच्या कणसाची बारकी नक्कल वाटावी असा त्याला तुरा येतो.

लेक फोर-एच क्लबात, म्हणजे मुलांना शेती-जनावरांची गोडी लावणाऱ्या इथल्या मंडळात, गेली आणि तिच्यामागून घरात एक म्हातारी घोडी आली. घोड्याला रोज वजनाच्या साधारण दोन टक्के वैरण लागते. आमची घोडी पाचशे किलोची, म्हणजे दिवसाला दहा किलो, वर्षाला साडेतीन टनांच्या वर. हा हिशेब घोडी घेण्याआधी करायचा असतो, हे मला घोडी घेतल्यावर कळलं.

पहिल्या वर्षी मी सपशेल फसले. एकाकडे गठ्ठा ११ डॉलरला होता, दुसऱ्याकडे १८ ला. मी अर्थातच ११ वाले भरून आणले. घरी येऊन न्हाणीघरातल्या काट्यावर चढवला तर ४५ पौंड. १८ वाला गठ्ठा असतो शंभर पौंडांचा. इथला टन दोन हजार पौंडांचा, आपल्या मापानं ९०७ किलो. म्हणजे माझी 'स्वस्त' वैरण टनाला जवळजवळ ४९० डॉलरला पडली आणि महाग म्हणून सोडलेली ३६० ला मिळत होती. वर त्या गठ्ठ्यांच्या पोटात बुरशी निघाली. घोडी पंधरा दिवस खोकत होती.

पुढच्या वर्षी शेजारच्या शेतकऱ्यानं मला वैरण बघायला शिकवलं. त्यानं दोरीखालून गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला, मुठभर गवत ओढून काढलं, नाकाला लावलं आणि एक काडी कानाजवळ धरून मोडली. मी बघतच राहिले. तात्या कडब्याचं ताट असंच मोडून बघतात, फक्त पुढे ते चावूनही बघतात.

भावाची निम्मी गोष्ट कापणीनंतरच्या चार-पाच दिवसांत ठरते. कापलेलं गवत शेतात पसरलेलं असताना एक सर आली की रंग जातो, कस धुऊन जातो, आणि घोड्यांसाठीचा माल गाभण गाईंच्या दावणीला जातो. फार वाळलं तर पाला झडून नुसत्या काड्या उरतात. ओलं बांधलं तर गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो, क्वचित अख्खी गंजी आपोआप पेट घेते. आपण ज्याला लसूणघास म्हणतो त्याचे गठ्ठे म्हणूनच इथं रात्री दव पडल्यावर बांधतात. जुलैमध्ये रात्री दोन वाजता शेतात यंत्रांचे दिवे फिरताना दिसतात. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग? कडबा आपन पहाटंच बांधतो की. उन्हात पाला ऱ्हातोय व्हय?"

गिऱ्हाईक कोण, यावरही भाव हलतो. दूधवाले मोठे गोठे लसूणघासाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. प्रथिनं किती, पचायला कसं, याचा आकडा येतो आणि त्यावर सौदा होतो. सर्वात वरच्या प्रतीत २२ टक्क्यांहून जास्त प्रथिनं लागतात. मांसाच्या गाईवाल्यांना एवढी चैन नको, पाऊस लागलेलंही चालतं. आम्ही घोडेवाले म्हणजे हौशी मंडळी. आम्हाला धूळ नको, तण नको, रंग हिरवागार हवा, शिवाय एकट्या बाईला उचलेल एवढाच गठ्ठा हवा. लहान गठ्ठ्याला मजुरी जास्त, म्हणून टनामागे सर्वात जास्त पैसे आम्हीच मोजतो.

गवत वजनाला हलकं आणि जागा खाणारं, त्यामुळे ट्रकभाडं अंगावर येतं. आमच्याकडचा १८ डॉलरचा गठ्ठा घाट उतरून सिएटलच्या बाजूला एका दुकानात मी २९ ला पाहिला. गंमत म्हणजे समुद्र त्या मानानं स्वस्त. आशियातून माल घेऊन आलेले कंटेनर परत रिकामेच जायचे असतात, म्हणून तिकडे जाताना भाडं कमी लागतं. गठ्ठे यंत्रात पुन्हा दाबून जवळजवळ निम्म्यावर आणतात आणि भरतात. त्यामुळे माझ्या घोडीच्या घासावर टोकियोच्या गिऱ्हाइकाचाही हक्क असतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत कामगारांचा वाद चिघळला, बोटी अडल्या आणि निर्यातीचं गवत इथंच पडून राहिलं. लगेच त्याच उन्हाळ्यात बर्फाविना कोरडं वर्ष आलं. ज्यांचे पाण्याचे हक्क नवे, त्यांना कालव्यातून निम्म्याहून कमी पाणी मिळालं. जुन्या हक्कवाल्यांचं शेत हिरवं, बांधापलीकडचं पिवळं. पाटपाण्यावरून भांडणारी माणसं बघायला मला घर सोडून एवढ्या लांब यायची गरज नव्हती!

मग आलं २०२२. आधीच्या वर्षीचा दुष्काळ, त्यात डिझेल महाग, खत महाग. लसूणघासाची देशभरातली सरासरी टनाला पावणेतीनशे डॉलरच्या वर गेली. दोनेक वर्षांत, २०२४ संपेपर्यंत, ती दोनशेच्या खाली आली. दुधाचे भाव पडले, परदेशी मागणी थंडावली, पाऊसपाणी बरं झालं. शेजारी म्हणतो, भाव चढतो तेव्हा त्याच्याकडे माल नसतो आणि माल असतो तेव्हा भाव नसतो. हे वाक्य मी म्हसवडच्या बाजारात मराठीतून ऐकलेलं आहे.

हे सगळं तात्यांना सांगून झाल्यावर मी यंदाचा माझा आकडा सांगितला. शंभर पौंडी गठ्ठा १६ डॉलर, टनाला ३२०. त्यांनी रुपये विचारले. किलोला साधारण तीस.

"तीस?" तात्या खाटेवर उठून बसले. "अगं, त्या भावात ज्वारी येतीय! कडबा ऱ्हाऊ दे, दाणं चार त्या घोडीला."

मी म्हटलं, दाणे चारले तर पोटात दुखून मरेल ती. त्यावर ते जरा गप्प झाले. दुष्काळात चारा छावणीत जनावरं बांधलेली त्यांनी पाहिली आहेत. २०१२-१३ ला आमच्या दोन गाई तिथंच होत्या, आणि गावातला कडबा तेव्हा पैसे देऊनही मिळत नव्हता.

"एक काडी मोड बघू."

मी गठ्ठ्यातून काडी ओढली, फोनजवळ धरली आणि मोडली. कट्‌ आवाज आला.

"वाळलीय बरी," तात्या म्हणाले. "पर तीस जास्तच. कमी कर म्हणावं त्याला."

"पैसे देऊन झालेत, तात्या."

"मग आधी का नाही फोन केलास?"